सेकंड हॅन्ड गाडी मिस मारतेय? पार्ट बदलायच्या आधी सिलिंडर शोधा

जुनी पेट्रोल किंवा सीएनजी गाडी घेतली की पहिल्या महिन्याभरात मिसिंगची, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटण्याची, तक्रार बऱ्याच जणांची येते. सिग्नलला उभी असली की थरथरते, कात्रज घाटात तिसऱ्या गिअरला हुंदके देते, अॅव्हरेज पडलंय, आणि गॅरेजवाला बॉनेट नीट उघडायच्या आधीच सांगून मोकळा होतो की प्लग आणि कॉइल टाकून घ्या. कधीकधी तो बरोबरही निघतो, पण नाही निघाला तर चार कॉइलचे (प्लगला ठिणगीचा करंट देणारा पार्ट) पैसे गेले, मिसिंग तिथेच, आणि मग इंधन फवारणारे इंजेक्टर, मग थ्रॉटल बॉडी, मग ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) असा एकेक पार्ट आपल्या खर्चाने ट्राय होत राहतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोणता सिलिंडर मिस मारतोय आणि कोणत्या वेळी मारतोय हे कळेपर्यंत एक रुपयाचा पार्ट घ्यायचा नाही. हे शोधायला महागडं मशीन लागत नाही, एक ओबीडी अडॅप्टर (गाडीतले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारा), प्लग पाना, १० चा पाना आणि एक मोकळी सकाळ पुरते. इथे पेट्रोल इंजिनाबद्दल लिहितोय, गॅस किट असलेली गाडी धरून. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो, तिथली भानगड वेगळी.

आधी ही मिसिंगच आहे ना ते बघा

वॅगन आर १.०, क्विड, टियागो ही तीन सिलिंडरची इंजिनं आहेत, आयडलला, म्हणजे रेस न देता चालू असताना, थोडी थरथरणारच, त्यात बिघाड काही नाही. इंजिन माउंटचं रबर फाटलं असेल तरी स्टेअरिंगला आणि सीटला तसंच जाणवतं, फरक एवढाच की तेव्हा आरपीएम स्थिर असतो आणि सायलेन्सरचा आवाज एकसारखा येतो. क्लच प्लेट संपत आली की गाडी उचलताना जे झटके बसतात त्यालाही लोक मिसिंगच म्हणतात.

खरी मिसिंग मागे जाऊन ऐकायची. गाडी गरम करा, एसी बंद, आयडलला ठेवा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा. चांगलं इंजिन एका लयीत वाजतं, मिस मारणारं मधेच एक ठोका गाळतं. जुने मेस्त्री एक साधा कागद सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरतात. कागद एकसारखा बाहेर फडफडत राहिला तर ठीक, मधेच ठरलेल्या अंतराने ढेपाळला तर एखादा सिलिंडर काम करत नाहीये, आणि उलटा आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट वॉल्व्ह नीट बसत नसल्याचा संशय घ्यायचा. हा पुरावा नाही, इशारा आहे, पण फुकट आहे आणि विकणाऱ्यासमोर सहज करता येतो.

चेक इंजिन लाइट आणि कोड

साधारण २०१३ नंतरच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ आलं, म्हणजे मिसिंग झाली की ईसीएमला ती कळते आणि तो कोड साठवतो. कळते कशी, तर क्रँकचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, वेग बघणाऱ्या सेन्सरवरून. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला छोटा धक्का मिळतो, एखाद्या वेळी तो मिळाला नाही की क्रँकचा वेग तेवढ्यापुरता पडतो आणि तो कोणाच्या पाळीला पडला हे ईसीएम मोजतो. त्यामुळे खूप खराब रस्त्यावर किंवा एखाद्या जुन्या गाडीचा फ्लायव्हील, क्रँक पुली खराब असेल तर खोटा कोडही येऊ शकतो, हे डोक्यात असू द्या.

ब्लूटूथ अडॅप्टर डॅशबोर्डखाली ड्रायव्हरच्या पायांच्या वरच्या बाजूला १६ पिनांच्या पोर्टला लावा, मोबाईलवर कुठलंही ओबीडी अॅप घ्या. पी०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पी०३०४ पर्यंत. पी०३०० म्हणजे ठराविक एक नाही, कुठेही मिस होतंय. मारुती, ह्युंदाईच्या आडव्या बसवलेल्या इंजिनात पहिला सिलिंडर बेल्ट-पुलीच्या बाजूचा, तिकडून मोजत गिअरबॉक्सकडे जायचं.

कोड दिसला की लगेच डिलीट करू नका. आधी फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा. त्यात कोड पडला तेव्हाचा आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, स्पीड असतं, आणि अर्धं उत्तर तिथेच सापडतं. ४० डिग्रीला, ८०० आरपीएमवर पडलेला कोड आणि ९० डिग्रीला, चढावर, फुल लोडला पडलेला कोड, या दोन वेगळ्या आजारांच्या गाड्या आहेत.

लाइट नुसता पेटलेला असेल तर हळूहळू घरी नेता येते. लाइट लुकलुकत असेल तर मात्र रेस सोडा, बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तिथे जळतं, आतली जाळी वितळते, आणि जी गाडी एका कॉइलवर सुटली असती तिचं बिल कितीतरी पटीने वाढतं.

गाडी अजून घेतलेली नसेल तर एक गोष्ट आवर्जून बघा, अॅपमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचं पान असतं, ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का ते त्यात दिसतं. तिथे बरेचसे मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील आणि लाइट मात्र बंद असेल तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी नुकतीच काढली होती. बॅटरी खरंच बदललेली असू शकते, बिल मागा. पीयूसीची पावतीही नजरेखालून घाला, त्यात हायड्रोकार्बनचा आकडा असतो, तो मर्यादेला टेकलेला असेल तर पेट्रोल न जळता बाहेर पडतंय असा अर्थ निघू शकतो.

कोड नसेल किंवा गाडी जुनी असेल तर

सॅन्ट्रो झिंग किंवा तशा वयाची गाडी असेल तर हातानेच शोधायचं. इंजिन आयडलला ठेवून एकेका पेट्रोल इंजेक्टरचा कनेक्टर काढा, आरपीएम किती पडतो बघा, परत लावा, दोन मिनिटं थांबा, पुढचा. ज्याचा काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही तोच आळशी सिलिंडर. चालू इंजिनावर प्लग वायर किंवा कॉइल उपटून बघायची जुनी सवय आहे बऱ्याच गॅरेजमध्ये, ती करू नका, झटका बसतो, कॉइल जाऊ शकते, आणि तेवढा वेळ कच्चं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं. रेडिएटरचा पंखा आपोआप चालू होतो, बोटं आणि बाही सांभाळा. नंतर ईसीएममध्ये इंजेक्टर सर्किटचा कोड पडलेला असेल तर पुसून टाका.

आता अदलाबदल

समजा कोड पी०३०२ आहे आणि तुमच्या गाडीला प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल आहे, के सिरीजच्या स्विफ्टसारखी. इंजिन थंड करा. दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, बाकी कशाला हात लावू नका, कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत मिस मारते तशीच चालवा. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली, निकाल लागला. पी०३०२ च राहिला तर कॉइल निर्दोष, मग प्लग अदलाबदल करा, परत चालवा. प्लगनेही कोड हलला नाही तर मग इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, दोन हलवल्या की काय कशामुळे झालं ते कळत नाही आणि सगळी सकाळ वाया.

आय१० च्या १.१ इंजिनासारख्या गाड्यांना एकच कॉइल पॅक आणि त्यातून प्लग वायरी जातात. तिथे एक कॉइल दोन सिलिंडरना ठिणगी देते, १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. जोडीतले दोन्ही मिस मारत असतील तर कॉइल पॅककडे बोट दाखवा, एकच मारत असेल तर आधी त्याची वायर आणि प्लग. वायरींचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा, लांब वायरीचा थोडा जास्त येतो ते बरोबर आहे, पण एकीचाच इतरांपेक्षा कितीतरी जास्त किंवा ओपन दाखवला तर पूर्ण सेट बदला. जुनी होंडा सिटी आय-डीएसआय घेतली असेल तर तिला प्रत्येक सिलिंडरला दोन, म्हणजे एकूण ८ प्लग आहेत. चारच प्लग बदलून "केले" म्हणणारे भेटतात, बिलात नग मोजा.

प्लग काढताना आणि वाचताना

कॉइल काढली की खाली प्लगचा खड्डा दिसतो, त्यात टॉर्च मारा. ऑइल साचलंय का? असेल तर टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून किंवा प्लगच्या नळीच्या सीलमधून उतरतंय, आणि त्यात भिजून कॉइलचं रबर फुगतं, तडकतं. पाणी आहे का? वॉशिंग सेंटरवर इंजिनावर प्रेशर मारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गाडी मिस मारायला लागली ही अगदी रोजची केस आहे, हवा मारून वाळवलं की काम होतं. काहीही असो, प्लग सैल करायच्या आधी खड्ड्यात हवा मारायचीच, नाहीतर तिथली वाळू थेट सिलिंडरमध्ये.

प्लग क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा, १, २, ३, ४ लिहून. टोकाचा पांढरा चिनी मातीचा भाग बघायचा. फिकट तपकिरी, राखाडी असेल तर तब्येत उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. काळं, ओलं, बोटाला चिकट म्हणजे ऑइल येतंय, रिंग किंवा वॉल्व्ह सील. पेट्रोलने ओला आणि वास येणारा म्हणजे पेट्रोल येतंय पण पेटत नाहीये. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ, खूप गरम चाललाय. आणि चारातला एकच प्लग धुतल्यासारखा लख्ख असेल तर आनंद मानू नका, त्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपून वाफ होत असावी.

आता वरचा भाग, धातूच्या षटकोनाच्या वरची पांढरी मातीची मान. तिच्यावर उभी, केसासारखी बारीक काळपट रेघ दिसतेय का ते फिरवून फिरवून बघा, आणि कॉइलच्या रबरी नळीत आतून तशीच करडी रेघ. ठिणगी टोकाला न जाता इथून बाहेरून उडी मारून बॉडीला जातेय त्याची ती खूण. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर जुन्या रबरातली रेघ नव्या प्लगलाही काही दिवसांत खराब करते, रबर किंवा कॉइल आणि प्लग दोन्ही एकत्रच बदलावे लागतात. ओळखीतल्या एका काकांच्या वॅगन आरचं नेमकं हेच झालं होतं, पेट्रोलवर लोण्यासारखी चालायची आणि गॅसवर टाकली की उड्डाणपुलावर झटके, म्हणून गॅसचे इंजेक्टर बदलले, गॅसचा दाब कमी करणारा रिड्युसर उघडला, आणि शेवटी दोन नंबरच्या कॉइलच्या रबरात ती रेघ सापडली.

नवीन प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचाच घ्या, पुण्यात नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसला सगळे मिळतात पण डुप्लिकेटही तिथेच मिळतात, नेहमीचा दुकानदार बरा. प्लगच्या टोकाचा गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) तपासा, किती हवा तेही मॅन्युअलमध्ये असतं, इरिडियम प्लगचं टोक मात्र वाकवायला जाऊ नका. थंड हेडमध्ये आधी बोटांनी आटे धरवा, हाताने पूर्ण बसला की मग पान्याने, वॉशरवाला नवीन प्लग साधारण अर्धा फेरा, जुनाच परत लावत असाल तर अगदी थोडा. हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की प्लग राहिला बाजूला आणि लेथवाल्याकडे चकरा सुरू.

पेट्रोलवर की गॅसवर, हा प्रश्न सोन्याचा आहे

दोन इंधनं असल्याने सीएनजी गाडीचं निदान खरं तर सोपं होतं. गॅसवर मिस आणि पेट्रोलवर ठीक असेल तर लोक थेट किटला दोष देतात, पण सीएनजीचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे थकलेली कॉइल आणि वाढलेला गॅप आधी गॅसवरच उघडा पडतो. म्हणून क्रम असा, आधी प्लग-कॉइल, ते नक्की ठीक असतील तर गॅसचा लो प्रेशर फिल्टर. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल येतं, ते त्या फिल्टरमध्ये आणि पुढे इंजेक्टर रेलमध्ये चिकटतं. मागच्या मालकाला फिल्टर कधी बदलला विचारा, "फिल्टर असतो?" असं उत्तर आलं तर काय ते समजा.

त्यानंतर रिड्युसर. २०० बारने भरलेला गॅस तिथे दाब सोडताना प्रचंड थंड होतो, म्हणून त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. कूलंट कमी असेल किंवा पाइपात हवा अडकली असेल तर रिड्युसर गारठतो, कधी बाहेरून दवही जमलेलं दिसतं, आणि हायवेला लांब ओढल्यावर गाडी मिस मारत मारत आपोआप पेट्रोलवर जाते. आधी कूलंट बघा, मग रिड्युसरला शिव्या द्या. हाय प्रेशर पाइप, गॅस सिलिंडरचा वॉल्व्ह यांना स्वतः पाना लावायचा नाही, ते अधिकृत सीएनजी फिटरचं काम. दर ३ वर्षांनी गॅस सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते, जुनी गाडी घेताना ते सर्टिफिकेट मागून घ्याच.

उलट केस, गॅसवर मस्त आणि पेट्रोलवर मिस, ही त्या गाड्यांची जिथे मालकाने पेट्रोल नावापुरतं ठेवलेलं असतं. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो, कायम रिझर्व्हवर ठेवून तो थकतो, इंजेक्टर न वापरता चिकटतात, आणि राहिलेलं पेट्रोल महिनोन् महिने जुनं होतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी ओढतं हेही आहेच. जुनं काढून टाका, ताजं अर्धी टाकी भरा, काही दिवस पेट्रोलवर चालवा, बऱ्याचदा एवढ्यावर सुधारतं.

दोन्हीवर सारखीच मिस मारत असेल तर प्लग-कॉइल, हवा किंवा कॉम्प्रेशन.

हवा आणि इंधन, थोडक्यात

आयडलला मिस आणि रेस दिल्यावर साफ, असं असेल तर कुठून तरी चोरटी हवा येतेय. अॅपमध्ये लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो शून्याच्या आसपास असायला हवा, आयडलला अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमवर खाली आला तर व्हॅक्यूम लीक. इंटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्हीचा (इंजिनाच्या आतली वाफ परत इंटेकमध्ये नेणारा) पाइप, कडक होऊन चिरलेलं रबर बोटांनी वाकवून बघा. याच्या उलट, ट्रिम लोडवर वाढत जात असेल तर पेट्रोल कमी पडतंय, फिल्टर, पंप, प्रेशर.

एकाच सिलिंडरचा संशय असेल तर लांब स्क्रू ड्रायव्हर इंजेक्टरला टेकवून दांडा कानाशी धरा, टिकटिक सगळ्यांची सारखी यायला हवी. रेझिस्टन्स बहुतेकांचा १२ ते १६ ओहमच्या दरम्यान असतो, आकड्यापेक्षा सगळ्यांचा सारखा आहे का ते महत्त्वाचं.

वायरिंगचं दोनच ओळीत सांगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात, हार्नेस हाताने उचलून खालून बघा. आणि गाडी कोकणातली किंवा कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर पुराच्या पाण्यात गेली होती का याची चौकशी करा, २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या लांबच्या शहरात जाऊन विकल्या जाण्याची भीती असतेच. कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवी बुरशी आणि सीट बेल्ट पूर्ण ओढल्यावर टोकाला चिखलाचा डाग दिसला तर मिसिंग हा त्या गाडीचा सर्वात छोटा प्रश्न आहे.

शेवटी कॉम्प्रेशन

वरचं सगळं ठीक आणि सिलिंडर तोच, तर गेज लावा, गॅरेजमध्ये थोड्या पैशात करून देतात पण समोर उभं राहून करून घ्या. इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढलेले, गॅस बंद, बॅटरी चार्ज, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारायचा, पाच-सहा ठोके. निरोगी पेट्रोल इंजिनाला साधारण १५० ते २०० पीएसआय येतो, पण खरा प्रश्न सिलिंडरांमधल्या फरकाचा, एखादा इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून खाली असेल तर तोच आजारी.

त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा चांगला वर गेला तर रिंग गेल्यात, जागचा हलला नाही तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी आले तर गॅस्केटवरचा संशय पक्का, आणि सकाळी पहिल्या स्टार्टला अर्धा मिनिट मिस मारून मग साफ होणं, कूलंट हळूहळू कमी होणं हेही त्याच घरचं.

गॅसवर खूप पळालेल्या गाड्यांत वॉल्व्हची सीट झिजते, वॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) कमी होत होत शून्यावर येतो आणि गरम झाल्यावर वॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. लक्षण असं की टॅपेटचा आवाज अजिबात नाही, इंजिन संशयास्पद शांत, आणि गरम असताना आयडलला मिस. हेड उतरवायच्या आधी टॅपेट सेटिंग तपासून घ्या, हायड्रॉलिक टॅपेट नसलेल्या इंजिनात वेळेत पकडलं तर सेटिंगवर निभावतं. वॉल्व्ह जळालाच असेल तर हेडचं काम, आणि गाडी अजून घेतलेली नसेल तर तो खर्च किमतीतून आधी वजा करून मगच बोलणी, विकणारा "फक्त प्लगचं काम आहे साहेब" म्हणत असेल तर त्यालाच म्हणा, करून द्या मग घेतो.

काम झाल्यावर कोड पुसा आणि आधी पेट्रोलवर, मग गॅसवर, थंड स्टार्टपासून चढापर्यंत चालवून बघा. नवीन गाड्यांत अॅपमध्ये सिलिंडरनिहाय मिसफायरचे आकडे दिसतात, ते सगळे शून्याच्या आसपास राहायला हवेत. काही दिवसांनी पी०४२० आला तर मधल्या काळात कन्व्हर्टरला मार बसलेला असू शकतो, पण तो कोड ओ२ (ऑक्सिजन) सेन्सर किंवा सायलेन्सरच्या लीकनेही येतो, म्हणून कन्व्हर्टरची ऑर्डर द्यायच्या आधी जॉइंटला काजळीचे डाग आहेत का ते खाली वाकून बघा.